धारेचं मशीन आणि त्याचं स्टँड

(कार्ले परिसरातल्या महिलांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज सुरुवात विळीपासून करते. विळीचं पातं कितीही धारेचं असू द्या, पाट पायाखाली दाबलेला नसेल तर मेथीची साधी जुडी चिरता येत नाही. पातं हलतं, जुडी हलते आणि शेवटी बोट कापतं. आपण पाटावर पाय ठेवतो, तेव्हा आपलंच वजन त्या पात्याचा पाया होतं. जुन्या घरातलं उखळ आठवा. ते जमिनीत पुरलेलं असायचं, नाहीतर मुसळाच्या प्रत्येक घावाला ते सरकलं असतं. आणि मिक्सरचे रबरी पाय गेले की काय होतं ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. तो ओट्यावर चालायला लागतो, आणि आपण एका हातानं झाकण, दुसऱ्या हातानं भांडं दाबून उभ्या.

धारेच्या मशीनचं, म्हणजे बेंच ग्राइंडरचं, अगदी हेच आहे. फरक इतकाच की मिक्सर चालायला लागला तर फार तर चटणी सांडते.

आपल्या मावळात भाताची कापणी दसरा-दिवाळीच्या सुमाराला सगळ्यांकडे एकदमच येते. त्याआधी विळे, कोयते, खुरपी, कुऱ्हाडी सगळ्यांना धार हवी असते. वेहेरगावच्या पायथ्याशी ज्या बायकांची नारळाची दुकानं आहेत, त्यांचे कोयते तर बारा महिने बोथट होतात. म्हणून आमच्या बचत गटानं सहा इंची चाकाचा बेंच ग्राइंडर घेतला. खोक्यातून निघाला आणि घरात जे सापडलं त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला. खाली नट नाही, बोल्ट नाही. दोन दिवस काम झालं. तिसऱ्या दिवशी माझी जाऊ कोयत्याला धार लावत होती. तिनं जरा जोर दिला, स्टुलाचा एक पाय वाकला, ग्राइंडर कडेला गेला, आणि पडतंय म्हटल्यावर कोणीही करेल तेच तिनं केलं. हातानं धरायला गेली. दोन बोटांची टोकं सोलून निघाली. बोटं वाचली, पण ती अख्खी कापणी तिला विळा धरता आला नाही. घरच्या भाताला मजूर लावावे लागले आणि तिची स्वतःची मजुरी बुडाली ती वेगळीच.

त्यानंतर गावात काही जणांनी म्हटलं, मशीन हे बायकांचं काम नाही. मला हे फार लागलं. चूक स्टुलाची होती. त्या स्टुलावर पैलवान उभा केला असता तरी तो ग्राइंडर पडलाच असता. आणि बायकांचं काम म्हणाल, तर रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबाचं पाल पडलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. नवरा सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो आणि घण घालते ती बायको. पुढच्या वेळी पाल दिसलं तर त्यांची ऐरण नीट बघा. ती नुसती जमिनीवर ठेवलेली नसते. लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेली असते, आणि तो ओंडका जमिनीत गाडलेला असतो. मुक्काम दोन दिवसांचा असला तरी आधी खड्डा खणायचा, ओंडका रोवायचा, मग भाता पेटवायचा. स्टँड आधी, काम नंतर.

आता मशीन इतकं का उडतं ते समजून घेऊ. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचं चाक मिनिटाला साधारण २,८५० फेऱ्या मारतं. म्हणजे सेकंदाला ४७-४८ फेऱ्या. चाकाच्या कडेचा वेग काढला तर तो तासाला ८० किलोमीटर येतो, जुन्या हायवेवर गाडी जोरात जाते तेवढा. चाक कुठेतरी किंचित जड, किंचित हलकं असतंच. त्यामुळे प्रत्येक फेरीला स्टँडला एक बारीकसा धक्का बसतो. धक्का छोटा, पण सेकंदाला ४७ वेळा.

एक गोष्ट करून बघा. ग्राइंडर बंद केला की चाक लगेच थांबत नाही, हळूहळू मंदावतं. डगमगतं स्टँड असेल तर मंदावताना मध्येच एका क्षणी ते सगळं थरथरतं आणि मग पुन्हा शांत होतं. झोपाळ्याला नेमक्या वेळी बोटानं ढकललं तरी झोका उंच जातो ना, तसंच हे आहे. प्रत्येक वस्तूचा हलण्याचा स्वतःचा एक ताल असतो. चाकाचे धक्के त्या तालाला जुळले की थरथर वाढते. हलकं आणि ढिलं स्टँड हे जोरानं करतं. जड, घट्ट, तिरके आधार असलेलं स्टँड जवळजवळ करतच नाही. म्हणून बंद करताना कान आणि हात स्टँडकडे ठेवा, ते आपलं दुखणं स्वतः सांगतं.

आता उंची. हा भाग मी मुद्दाम सावकाश सांगणार आहे, कारण आपल्याला सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. स्टँड करायला सांगितलं की वेल्डिंगवाला विचारतच नाही की मशीनवर उभं कोण राहणार आहे. तो आपल्या कोपराच्या हिशोबानं करून देतो. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाचं कोपर जमिनीपासून साधारण १०६ सेंटिमीटरवर असतं. पाच फुटी बाईचं साधारण ९५ ते ९६ वर. हा दहा सेंटिमीटरचा, म्हणजे चार इंचांचा फरक आहे. त्याच्या स्टँडवर आपण काम केलं की खांदे वर चढतात, टाचा उचलतात, आणि कोयता चाकाच्या समोर यायच्या ऐवजी वरच्या बाजूला टेकतो. तिथे तो चाकात अडकून ओढला जाऊ शकतो. उलट ग्राइंडर खाली, स्टुलावर किंवा जमिनीवर असला, तर कमरेत वाकून काम करावं लागतं. कंबर तर जातेच, पण डोकं चाकाच्या अगदी समोर येतं, आणि ठिणग्या व चाकाचे कण तिकडेच उडतात.

तर मोजायचं कसं? रोजची चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसरीला मोजायला सांगायचं. ग्राइंडरच्या चाकाचा मध्य या उंचीवर किंवा तसूभर खाली यायला हवा. मग ग्राइंडर सपाट जागी ठेवून त्याच्या तळापासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. सहा इंची ग्राइंडरला हे साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास भरतं, पण आपला आपण मोजलेला बरा. कोपराच्या उंचीतून हे वजा केलं की स्टँडची उंची मिळते. ९५ मधून साडेबारा गेले, राहिले ८२ आणि वर थोडं. गटात एक ताडमाड आणि एक बुटकी असेल तर? जी सगळ्यात जास्त वेळ मशीनवर असते तिच्या मापानं करा. बुटकीसाठी फळ्यांचा रुंद, न डुगडुगणारा मंच करता येतो, पण पाट किंवा वीट पायाखाली घेऊन धार लावायला उभं राहू नका. एक डुगडुग काढून दुसरी आणायची, याला काय अर्थ?

ड्रिल मशीनचं गणित वेगळं आहे. त्यात वजन सगळं वर डोक्याला असतं, आणि आपण हँडल खाली ओढतो. त्याचं स्टँड ग्राइंडरपेक्षा ठेंगणं आणि बुडाला जास्त पसरट हवं, म्हणजे हँडल वरच्या टोकाला असतानाही हात खांद्याच्या वर जात नाही. ग्राइंडर आणि ड्रिल एकाच स्टँडवर शेजारी शेजारी ठेवायचा मोह होतो, मलाही झाला होता. नको. ग्राइंडरची दगडी पूड ड्रिलच्या दांड्यात आणि बेअरिंगमध्ये जाते आणि ते लवकर खराब होतं.

तयार स्टँड घ्यायचं ठरलं तर दुकानात जाताना वर्तमानपत्राचा कागद बरोबर न्या. आधी घरी ग्राइंडर त्या कागदावर ठेवून तळाच्या कडेनं पेन्सिल फिरवा आणि बोल्टच्या भोकांच्या खुणा करा. चोळीचं माप घेऊन शिंप्याकडे जातो तसंच. स्टँडच्या वरच्या प्लेटवर कागद ठेवला की भोकं जुळतात का ते लगेच कळतं. मग स्टँड उचलून बघा. एका हातानं सहज उचललं गेलं तर ते फोटो काढायला चांगलं. घडीचं, पातळ पत्र्याचं स्टँड ग्राइंडरला घेऊ नका. पायाच्या टोकाला जमिनीत बोल्ट मारायला भोकाची पट्टी आहे का, पाय खाली पसरत जातात का, हेही बघा. रॅकसाठी मिळतो तो भोकाभोकांचा पातळ अँगल बरण्या ठेवायला उत्तम, पण धक्के खाऊन त्याचे नट ढिले होतात. तोच वापरायचा असेल तर प्रत्येक कोपऱ्यात तिकोनी पट्टी बसवा.

घरात जुन्या पायाच्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा पडून असेल, तर त्याचा विचार जरूर करा. सासूबाईंचं मशीन गेलं, सांगाडा माळ्यावर राहिला, असं बऱ्याच घरांत आहे. त्याचे पाय पसरट असतात, मधला तिरका आधार चांगला असतो. वरची जुनी फळी काढून दीड-दोन इंच जाडीची नवी फळी बोल्टनं बसवली तर सहा इंची ग्राइंडर त्यावर चालतो. मात्र तो सांगाडा बिडाचा असतो. बीड ठिसूळ, आदळलं की तडकतं, आणि साध्या वेल्डिंगनं नीट सांधत नाही. त्याला जे जोडायचं ते भोक पाडून बोल्टनंच. आठ इंची ग्राइंडर किंवा लोखंड कापायचं मोठं मशीन त्यावर चढवू नका.

आणि लाकडाचं? लाकूड कंप चांगला पितं, म्हणून जुन्या घराच्या तुळईचं, वाशांचं स्टँडही छान होतं. आपल्या लेण्यातल्या मोठ्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत, त्या दोन हजार वर्षांपासून तिथे टिकून आहेत. तिथल्याच एका लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं दार केल्याची नोंद आहे. पण त्या कमानी डोंगराच्या पोटात, पावसापासून आत आहेत. आपली शेड पडवीला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि बोल्ट ढिले पडतात. शिवाय ग्राइंडरच्या ठिणग्या. लाकडी स्टँड केलंत तर वरून पत्रा ठोका, आणि भाताचा पेंढा असेल त्या बाजूला ठिणग्यांचं तोंड कधीच करू नका.

लेण्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. पुढच्या वेळी एकविरेला जाल तेव्हा चैत्यगृहात डोकावून दोन्ही बाजूंचे खांब बुडाशी बघा. खाली पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, त्यावर फुगीर घट, आणि मग खांब. खांब दगडातच कोरलेले आहेत, ते काही पडणार नव्हते. पण ज्या लाकडी खांबांवरून ती घडण आली असावी, त्यांच्या बुडाची चिंता कुणीतरी केली होती असं मला तिथे गेलं की वाटतं.

आपल्या स्टँडच्या बुडाचा आता हिशोबच करू. ग्राइंडर १२ किलो, लोखंडी स्टँड २८ किलो, एकूण ४० धरा. पाय सरळ खाली उतरलेत आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंतचं अंतर ३० सेंटिमीटर आहे. अशा स्टँडला वर चाकाच्या उंचीवर, म्हणजे ९५ सेंटिमीटरवर, समोरून सहा-साडेसहा किलोचा दाब दिला की पुढचे पाय उचलतात. कुऱ्हाडीला धार लावताना एवढा दाब सहज पडतो. आता तेच पाय पुढे-मागे दहा-दहा सेंटिमीटर पसरवले, अंतर ५० झालं, तर साडेदहा किलो लागतात. आणि खालच्या आडव्या पट्ट्यांवर ३५ किलो वजन ठेवलं, तर जवळजवळ २० किलो. लोखंड तेवढंच, फक्त पाय पसरले आणि बुडाला वजन दिलं, तर स्टँड तिप्पट पक्कं झालं.

ते वजन आणायचं कुठून? तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्या आणि त्यात काँक्रीट भरा. वाळल्यावर ३५ किलोच्या वर भरतं. हायवेच्या गॅरेजबाहेर ट्रकचे जुने ब्रेक ड्रम भंगारात पडलेले असतात, तेही चालतात. काही जण ड्रमलाच मध्यभागी जाड पाइप वेल्ड करून एकखांबी स्टँड करतात. जागा कमी असेल तर तेही चांगलं, पण त्याला जमिनीत बोल्ट मारायलाच हवेत.

आता बनवायचं कसं ते सांगते. चाळीस बाय चाळीस, पाच मिलिमीटर जाडीचा अँगल मागायचा. त्याचं वजन मीटरला तीन किलो. चार पाय, वरची चौकट ४५ बाय ३० सेंटिमीटरची, आणि जमिनीपासून वीतभर वर चारही बाजूंनी आडव्या पट्ट्या, असं सगळं मिळून पावणेसात मीटर लागतो. अँगलचा नग सहा मीटरचा येतो. एक नग घ्या आणि उरलेल्या पाऊण मीटरला वेल्डिंगवाल्याकडचा तुकडा वजनावर मागा, दुसरा अख्खा नग घेऊ नका. वर सहा मिलिमीटरची प्लेट आणि पायाखाली तशाच प्लेटचे आठ सेंटिमीटरचे चार चौकोन.

कापायच्या आधी जमिनीवर खडूनं स्टँडची एक बाजू पूर्ण आकारात काढायची. वर ३० सेंटिमीटरची रेघ, खाली ५०, मध्ये उंची. रांगोळीसारखंच. मग पायाचा अँगल त्या चित्रावर ठेवला की वर आणि खाली किती तिरका कापायचा ते आपोआप दिसतं, कोनाचं गणित करावं लागत नाही. एक बाजू जुळवून झाली की दुसरी तिच्यावरच ठेवून जुळवायची, म्हणजे दोन्ही एकसारख्या होतात. वेगवेगळ्या केल्या की चार पायांत एक लंगडा निघतो, आणि मग जन्मभर त्याच्याखाली कागदाची घडी.

वेल्डिंग एकदम पूर्ण करायचं नाही. आधी प्रत्येक सांध्याला नुसता टाका. दोन्ही बाजू उभ्या करून आडव्या पट्ट्यांना टाके मारले की सुतळी घ्या आणि वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. एक मोठा असेल तर त्या बाजूनं हातोडीचा एक ठोका द्यायचा आणि पुन्हा मोजायचं. टाक्यावर असतानाच हे होतं, पक्कं वेल्डिंग झाल्यावर नाही. मग पक्कं करताना एका कोपऱ्यात एक सांधा, त्याच्या समोरच्या कोपऱ्यात दुसरा, असं आलटून पालटून. एकाच बाजूचे सगळे सांधे सलग केले तर लोखंड तापून त्या बाजूला ओढलं जातं. हे मी बघितलंय, सकाळी सरळ असलेलं स्टँड दुपारी वाकडं.

वेल्डिंगवाल्याला हे सांगायला संकोच वाटून घेऊ नका. काम चांगलं असेल तर तो स्वतःच असं करतो. आणि शिकायचंच असेल तर आपल्याच जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. तिथे मुलांबरोबर मुलीही वेल्डिंग शिकतात.

वेल्डिंग नको, नट-बोल्टनंच जोडायचंय, तर नियम एकच. आधी सगळे बोल्ट हातानं ढिले लावा, एकही पान्यानं आवळू नका. स्टँड सपाट जागी उभं करा, वरून दाबून चारही पाय टेकू द्या, आणि मग तिरक्या क्रमानं थोडं थोडं आवळत जा. पहिलाच बोल्ट कचकचून आवळला की शेवटच्याचं भोक जुळत नाही.

रंगाच्या आधी लोखंडावरचा गंज आणि वेल्डिंगची पापडी घासून काढा, रेड ऑक्साइडचा हात द्या, मग रंग. आपल्याकडच्या पावसात रंगाशिवाय लोखंड एक मोसमही धड राहत नाही. पायांच्या तळालाही रंग हवा, तिथेच पाणी साचतं.

ग्राइंडर स्टँडवर बसवताना आठ मिलिमीटरचे बोल्ट, खाली-वर वायसर, आणि नायलॉकचा नट. तो नसेल तर स्प्रिंग वायसर आणि दोन नट एकावर एक. नुसता एक नट कंपानं फिरत फिरत सुटतो. मध्ये गाडीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला तर आवाज कमी होतो. पातळच घाला. जाड गुबगुबीत रबर घातलं की ग्राइंडरच गादीवर बसल्यासारखा डुलतो.

आता जमीन. काँक्रीटची जमीन असेल तर पायाच्या प्लेटमधून दहा मिलिमीटरचे रावल बोल्ट मारा, प्रश्नच मिटला. भोक किती मिलिमीटरचं आणि किती खोल ते बोल्टच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. शहाबादी फरशी असेल तर फरशीच्या कडेला भोक पाडू नका, तडकते. मातीची सारवलेली जमीन असेल तर घिसाड्यासारखं करा. चारही पायांखाली हातभर खोल खड्डे, त्यात बोल्टसकट काँक्रीट, आणि सात दिवस पाणी मारून मग स्टँड. भाड्याची जागा आहे, खोदता येत नाही, तर काँक्रीटचा डबा आहेच.

ओबडधोबड जमिनीवर तीन पायांचं स्टँड डुगडुगत नाही, हे खरं आहे. तिवई कुठेही नीट बसते. पण दोन पायांच्या मधल्या बाजूनं ढकललं की तीन पायांचं लवकर कलंडतं. ग्राइंडरला मी चारच पाय सांगेन, आणि जो पाय अधांतरी राहील त्याखाली पत्र्याची पट्टी.

चाकं लावायची का, असं बऱ्याच जणी विचारतात, कारण शेड एक आणि कामं दहा. चारही पायांना फिरती चाकं नकोत. ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी डुलतात. मागच्या दोन पायांना बाहेरून छोटी चाकं अशी लावा की स्टँड सरळ उभं असताना ती जमिनीला टेकणार नाहीत, कलतं केलं की टेकतील. मग दोघींनी मिळून ढकलगाडीसारखं न्यायचं, आधी डबा काढून.

विजेचं थोडक्यात सांगते. तीन पिनांचा प्लग, आणि अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. लोखंडी स्टँड, ओली जमीन आणि पावसाळा, यात अर्थिंग नसेल तर बाकी सगळं केलेलं वाया. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेता आला तर जरूर बसवा. बटण चाकाच्या पलीकडे नको, हात न वाकवता पोहोचेल असं स्टँडच्या बाजूला हवं. वायर पायाला बांधून खाली आणा, लोंबती ठेवू नका.

उभं राहताना पदर कमरेला घट्ट खोचलेला, ओढणी काढलेली, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, बांगड्या मागे सारून नाही तर काढूनच ठेवलेल्या, अंबाडा रुमालाखाली. हातमोजे घालू नका, चाक त्यांनाच आधी पकडतं. डोळ्यांना चष्मा हवाच. हत्यार टेकवायचा टेकू आणि चाक यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. चाक झिजलं की फट वाढते, तेव्हा टेकू पुढे घ्यायचा. चालू केल्यावर पहिलं मिनिटभर चाकाच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. चाकाला तडा असेल तर तो त्या पहिल्या मिनिटातच फुटण्याची शक्यता जास्त. आणि वैभव विळ्यासारखा दातेरी विळा या मशीनवर आणूच नका, दाते जातील.

शेवटी परीक्षा. मशीन बंद असताना दोन्ही हातांनी ग्राइंडर धरून समोरून, मागून, बाजूनं चांगला ढकला, अगदी भांडण असल्यासारखा. पाय उचलला, तर काम सुरू करू नका. मग स्टँडच्या प्लेटवर फुलपात्रात पाणी ठेवा आणि मशीन चालू करून बाजूला व्हा. पाण्यावर बारीक वलयं दिसली तर ठीक. पाणी उडायला लागलं तर बंद करा आणि नट बघा. नट घट्ट, जमीन घट्ट, तरी पाणी उडतंय, तर दोष चाकात आहे. ते एका बाजूनं झिजलंय, ड्रेसर फिरवून गोल करून घ्या.

आमचा ग्राइंडर आता चौपायी स्टँडवर आहे, खाली काँक्रीटचा डबा, उंची ८२ सेंटिमीटर, जावेच्या कोपराच्या मापानं. नट मी दोनदा आवळते, एकदा पाऊस सरल्यावर आणि एकदा होळीच्या आसपास. तुमच्यापैकी कुणाला स्टँड करून घ्यायचं असेल तर वेल्डिंगवाल्याकडे लवकर जा, कापणी जवळ आली की त्याला ट्रॉल्यांच्या दुरुस्तीतून वेळ नसतो. आणि माप द्यायला जाताना रोजची चप्पल घालून जा, लग्नाकार्याची नको.